सातवं बटण

पहाटे पावणेसहाला गजर वाजला आणि डोळे उघडायच्या आधीच तिचा उजवा हात उशीवरून मागे, भिंतीवर, दिव्याचा खटका शोधायला गेला. खटका नव्हता. नुसती भिंत होती, गार, थोडी खरबरीत, अनोळखी माणसाच्या पाठीसारखी. हात वर गेला, खाली आला, डावीकडे सरकला, आणि दोन श्वासांएवढा वेळ ती कुठे आहे हेच तिला कळेना. मग कळलं. घर मागे राहिलं, दोन आगगाड्या आणि एक बस इतकं मागे. ही भाड्याची खोली, तेरा आठवड्यांची. इथला खटका दाराशेजारी, कपाटाच्या आडोशाला. कालच घरमालकिणीनं दाखवला होता. डोक्याला ते माहीत होतं, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. हात अजून घरीच झोपला होता. अंधारात पडल्यापडल्या तिला हसू आलं, कारण चार वर्षं ती हेच तर शिकली होती, वह्याच्या वह्या भरून, की हाताची आठवण वेगळी असते. आणि हसता हसता अंगावर काटाही आला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून जी माणसं एखाद्या सकाळी जागी होतात, त्यांना असंच वाटत असेल. त्यांच्या खोलीत खटका असतो तिथेच असतो. हातच घर सोडून गेलेला असतो. ती उठली, चाचपडत दाराशी गेली, दिवा लावला. उजेडात एक खाट, एक टेबल, एक पाय आखूड असलेली खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर घडी न मोडता ठेवलेला पांढरा कोट. कोटाच्या खिशाला नवा बिल्ला. बिल्ल्यावर तिचा फोटो, त्यात ती जरा घाबरलेली, आणि फोटोखाली परवान्याचा क्रमांक. तो क्रमांक तिला पाठ होता. दात घासताना, तोंडात ब्रश असतानाच, तिनं तो पाढ्याच्या चालीवर म्हणून पाहिला. नीट बसला चालीत. आरसा धुरकटला होता, त्यावर बोटानं लिहिला. मग कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून पुसला. पाहायला कुणी नव्हतं, म्हणून परत लिहिला.

तो क्रमांक मिळायला अकरा महिने लागले होते. शिकताना लागलेली चार वर्षं वेगळी. घरी ह्या विद्येचं नाव कुणाला धड उच्चारता यायचं नाही. व्यवसायोपचार म्हटलं की शेजारच्या काकू विचारायच्या, म्हणजे पोरांना नोकऱ्या लावून देता का तुम्ही, आणि दादा म्हणायचा, धंदा बुडाला की आमच्या बहिणीकडे या, पट्टी बांधून देईल. तिनं एकदा चिडून सांगून टाकलं होतं, की चालायला शिकवणारे वेगळे, आम्ही माणसाला दिवस परत करतो. पेला धरणं, केस विंचरणं, आंघोळ, अंगात सदरा, दाराला किल्ली. ज्या गोष्टी करताना आपण करतोय हे कळतही नाही, त्या. त्यावर आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली होती, बटणं लावायला शिकवायची आणि त्याला चार वर्षं. आईनं ते हसून म्हटलं होतं. पण बटण हा शब्द त्या घरात कधीच हलका पडायचा नाही. तो जमिनीवर पडून बराच वेळ गोल गोल फिरत राहायचा.

लेखी परीक्षेत ती पहिल्या फटक्यात सुटली. प्रात्यक्षिकात आपटली. निळ्या सदऱ्यातले एक आजोबा होते, त्यांना स्वतःचा सदरा स्वतः घालायचा होता, तिनं फक्त बसून पाहायचं, शब्दांनी वाट दाखवायची, आणि अगदीच अडलं तर बोटभर आधार द्यायचा. तिसऱ्या बटणाशी आजोबा अडले. बटण भोकाच्या काठाशी येऊन परत फिरत होतं, परत येत होतं. आजोबांच्या कपाळावर घाम. आणि तिचा हात गेला. तिनं पाठवला नाही, तो गेला. तिला कळायच्या आत बटण लागलंही होतं, आजोबा थँक्यू म्हणत होते, आणि परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं होतं. महिन्याभरानं निकाल आला तेव्हा तो शेरा वाचला. 'प्रेमळ आहे. पण रुग्णाच्या आड येते.' दोन वाक्यं. पहिलं वाचून कुणालाही बरं वाटलं असतं. ती मात्र तो कागद घेऊन न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. सहा महिन्यांनी परत बसली, तेव्हा दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. पास झाली. नंतर दोन दिवस मांड्या दुखत होत्या.

पुढे कागदपत्रं. फिरतीवर काम करायचं म्हणजे एका दवाखान्यात तेरा आठवडे, मग दुसरं गाव. आणि प्रत्येक प्रांताचा परवाना निराळा, प्रत्येकाला तेच दाखले नव्या तारखेचे हवेत. बोटांचे ठसे द्यायला गेली तर तिथल्या कारकुनानं पाच कागद फुकट घालवले. ठसा फिसकटायचा. पाचव्या वेळी तो वैतागून म्हणाला, ताई, तुम्ही मदत करू नका हो. बोट ढिलं सोडा, मेल्यासारखं. फिरवायचं काम माझं. तिला एकदम ऐकू आलं ते. काचेपलीकडच्या, शाईनं काळी बोटं झालेल्या त्या माणसाला ती पाहतच राहिली. मदत करू नका. हातानं ढिलं पडणं किती अवघड आहे, एका शिकलेल्या, सराईत, मायाळू हाताला. सहावा कागद बरा उठला. दहा छोटी काळी शेतं, नांगरलेली.

आणि आता हे सगळं पार करून ती त्या गावच्या रस्त्यावर चालत होती. सोमवार होता, आणि सकाळ अशी काही झाडून पुसून ठेवलेली होती की तिला वाटलं आपल्यासाठीच. बेकरीचं शटर अर्ध्यावर, एक बाई कुत्र्याशी भांडत होती, बसथांब्यावरच्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं तर तिनंही पाहिलं. पाठीवर पिशवी, पिशवीत कपड्यांचे चिमटे, लाकडी खुंट्या, दाबायची लवचीक माती, काजातून बटण ओढायचा तारेचा हूक आणि चार रंगांची बटणं शिवलेली एक कापडी पाटी. निघताना दादानं पिशवीत डोकावून विचारलं होतं, नोकरीला चाललीस की खेळण्यांचं दुकान टाकायला. चालताना खुंट्या एकमेकींवर आपटून टकटक वाजत होत्या, आणि तिला वाटत होतं, मी वाजतगाजत चाललेय. ह्या गावात मला कुणी ओळखत नाही आणि तरी इथे मी कुणीतरी आहे. माझ्याकडे क्रमांक आहे. आनंद असा एकट्यानं, भर रस्त्यात, तोंड मिटून सांभाळायचा म्हणजे काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालण्यासारखं. तो धरायला तर ती लोकांना शिकवणार होती.

विभागाच्या प्रमुख बाईंना सगळा दवाखाना मोजपट्टी म्हणत असे. कोटाच्या खिशातून कायम एक पिवळी टेप लोंबत असायची म्हणून, आणि माणसाकडे पाहताना त्या वरून खालपर्यंत एकदाच, पण पूर्ण पाहायच्या म्हणूनही. त्यांनी नव्या पाहुणीला बसायलाही सांगितलं नाही. फिरतीवर आलेल्यांना तिथे पाहुणेच म्हणत. त्यांनी एवढंच सांगितलं की इथे शिकवत बसायला वेळ नाही, माणसं कमी आहेत म्हणून तर तुम्हाला बोलावलं. शुक्रवारी सकाळी मी येऊन बसेन, तुम्ही एका रुग्णाबरोबर काम करायचं, मी काही बोलणार नाही. मला पटलं तर कागदावर सही करीन. नाही पटलं तर तुम्हाला पाठवणाऱ्या एजन्सीला कळवीन, आणि मग तुमचा करार आणि इथला परवाना, दोन्हीचं ते बघतील. बोलताना त्यांनी तिच्या जुन्या निकालाचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणजे शेरा वाचलेला होता. पेला थोडा हिंदकळला. सांडला नाही.

तिच्या वाट्याला आले ते सलूनवाले. खाट क्रमांक नऊ, खिडकीजवळ. चाळीस वर्षं एका चौकात त्यांचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं, आणि महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण लावलेला असताना त्यांचा उजवा हात थांबला तो थांबलाच. ते गिऱ्हाईक तसंच, अर्ध्या साबणानिशी, त्यांना घेऊन दवाखान्यात आलं. ही गोष्ट वॉर्डातल्या मावशींनी तिला पहिल्याच दिवशी, फरशी पुसता पुसता, हावभावांसकट करून दाखवली. सलूनवाल्यांचा हात आता परत येत होता. हळूहळू, एकेक बोट, भांडून गेलेल्या पाहुण्यासारखा. अंगठा तर्जनीच्या कडेपर्यंत पोचत होता. शनिवारी त्यांना घरी सोडणार होते. आणि तरी सकाळी ती गेली तेव्हा त्यांना सदरा घालत होती त्यांची बायको. बारीक चणीची, चपळ, बोटांतून वीज खेळणारी बाई. एक हात बाहीत, दुसरा हात बाहीत, कॉलर वर, टकटकटक सात बटणं, कॉलर खाली, केसांवरून कंगवा. अर्धं मिनिट. नवीन ताईंकडे पाहून ती अभिमानानं हसली, की बघा, यांना मी काही म्हणजे काही करू देत नाही. सलूनवाले खिडकीबाहेर पाहत होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

तिला ती मांडी माहीत होती. तो हात माहीत होता. बाबा नकाशे काढायचे, घरांचे, पुलांचे. पट्टी न लावता सरळ रेघ काढायचे, आणि रविवारी तिच्या वहीत चौकोनी घर काढून म्हणायचे, दार कुठे हवं ते तू सांग. ती नऊ वर्षांची होती तेव्हा त्या हातानं एका सकाळी पेन्सिल सोडली. मग बाबा घरीच, खुर्चीत. आई कामावर जायची, तेव्हा सकाळचा सदरा तिच्या वाट्याला आला, आणि तिला तो फार आवडायचा. शाळेच्या आधीची ती दहा मिनिटं. बाबांच्या दोन गुडघ्यांमध्ये उभं राहायचं, गळ्यापासून सुरुवात. तिनं त्याचं एक गाणंही रचलं होतं, आई दळण निवडताना गुणगुणायची त्या चालीवर.

पहिलं बटण गळ्यापाशी, गळ्यात हाक दडली गं,
दुसरं बटण उरापाशी, उरात टिकटिक पडली गं,
तिसरं बटण खिशापाशी, खिशात पेन्सिल निजली गं...

असं करत करत सातवं बटण दारापाशी, शाळेची घंटा वाजली गं, आणि ती पळायची. तीन वर्षं रोज. बाबा गेले तेव्हाही सगळे म्हणाले, पोरीनं किती केलं. मग खूप पुढे, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, दुपारच्या तासाला, पंख्याच्या घरघरीत सर सांगत होते की दुखावलेला हात वापरला नाही तर मेंदू त्याला हिशेबातून काढून टाकतो, हात मरत नाही, त्याला विसरायला शिकवलं जातं. आणि बरेचदा, हे लिहून घ्या, हे शिकवणारी घरची प्रेमळ माणसं असतात. सगळ्यांनी लिहून घेतलं. ती उठली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. हे तिनं आईला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय, की आपण दोघींनी मिळून, गाणं म्हणत?

मंगळवारी तिनं सलूनवाल्यांच्या बायकोला गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं आणि पडदा ओढला. त्यांचा हात तपासला, मातीचे गोळे दाबून घेतले, मग सदरा पुढे केला. दोन बटणं त्यांनी लावली, त्याला पाच मिनिटं गेली. तिसऱ्याशी अडले. बाहेर बाकाचा पाय वाजला, बायको उठबस करत होती. बटण भोकाच्या काठाशी येऊन परत फिरलं. आणि तिचा हात गेला. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. ती स्वतःला पाहत होती आणि थांबवू शकत नव्हती, ओठांत गाणंसुद्धा आलं होतं. सातव्या बटणापाशी सलूनवाल्यांनी आपला चांगला, डावा पंजा बटणावर ठेवला. झाकलंच ते. आणि हळूच म्हणाले, हे राहू दे. तिचे हात हवेत तसेच राहिले. राहू दे. हा पंजा तिनं पाहिला होता. अशीच सकाळ, अशीच सातव्या बटणाची जागा, बाबांचा डावा पंजा त्यावर उपडा, आणि बाबा म्हणतायत, हे राहू दे गं. एकदा नाही. कितीदा. आणि ती खिदळायची. तिला वाटायचं बाबा खेळतायत, लपवालपवी, आणि ती त्यांचं एकेक बोट उचलून बाजूला करायची, गाणं म्हणत, आणि बटण लावून पळायची. बाबा खेळत नव्हते. बाबा मागत होते. सातातलं एक.

तिनं पडदा बाजूला सारला. दिवसभर बाकीच्या रुग्णांचे हात तिनं धरले, सोडले, नोंदी लिहिल्या. संध्याकाळी खोलीत आल्यावर आखूड पायाच्या खुर्चीत बसून ती डुगडुगत राहिली. सही होणार नाही. होऊच नये. मी क्रमांक पाठ केला, आरशावर लिहिला, आणि हात अजून नऊ वर्षांचाच आहे.

बुधवारी सलूनवालेच बोलले. त्यांचे शब्द अजून थोडे जड यायचे, म्हणून ते बेतानं, निवडून बोलायचे. त्यांनी विचारलं, ताई, काल रडलात का. ती नाही म्हणाली. ते म्हणाले, आम्ही माणसाचा चेहरा रोज इतक्या जवळून बघतो, आमच्याशी खोटं बोलू नये. मग सांगू लागले, की ते शिकायला लागले तेव्हा उस्तादांनी पहिले सहा महिने वस्तरा फक्त धरायला दिला. गिऱ्हाइकाच्या गालाशी न्यायचा आणि थांबवायचा. न्यायचा, थांबवायचा. गाल कापणं कुणालाही येतं, उस्ताद म्हणायचे. मधेच माणूस शिंकतो, हसतो, मान वळवून रस्त्यावरची बाई बघतो. तेव्हा थांबतो तो कारागीर.

"तुमचा हात चांगला आहे," सलूनवाले म्हणाले. "वेगही आहे. पण तो थांबत नाही. माझ्या बायकोचाही थांबत नाही. तुम्हा दोघींना माझ्या उस्तादाकडे पाठवायला हवं होतं."

त्यावर ती हसली, आणि त्या हसण्यानं छातीत काहीतरी मोकळं झालं. तिनं विचारलं, उस्तादांनी थांबायला शिकवलं कसं? ते म्हणाले, मी वस्तरा नेला की तो म्हातारा माझं मनगट धरून उभा राहायचा. रोज. सहा महिने. मग एक दिवस त्यानं मनगट सोडलं, तरी मला ते धरल्यासारखंच वाटत राहिलं. अजून वाटतं.

गुरुवारी संध्याकाळी आईचा फोन आला. आई नेहमीप्रमाणे आधी जेवणाचं विचारत होती, मग खोलीत ओल आहे का, मग घरमालकीण कशी आहे, आणि ती खाटेवर बसून, डोळे मिटून, एकदम बोलून गेली. सगळंच. व्हरांडा, सरांचं वाक्य, निळ्या सदऱ्यातले आजोबा, सातवं बटण, राहू दे, उद्याची मोजपट्टी. म्हणाली, आई, आपण त्यांचा हात घालवला. पलीकडे कुकरची शिट्टी तेवढी झाली. तिला वाटलं आपण आईच्या म्हाताऱ्या छातीवर दगड ठेवला, आता हा कधी उचलता येणार नाही. मग आई बोलली. आवाज वेगळा होता, जुना, तिच्या लहानपणातला.

"मला माहीत होतं गं," आई म्हणाली. "बाथरूमची कडी ते आतून लावायला बघायचे, तर मी लावू द्यायची नाही. चिडायचे. मला वाटायचं, मी नाही केलं तर मी बायको कसली? कुणीतरी माझे हात धरून ठेवायला हवे होते. नुसतं सांगून नसतं भागलं."

तिनं डोळे उघडले. आई पुढे म्हणत होती, तू तर नऊ वर्षांची होतीस, तू कशाला घेतेस अंगावर, आणि तुझ्या त्या गाण्यासाठी ते सकाळी उठून बसायचे हे पण लक्षात ठेव, तू यायच्या आधी दोनदा घड्याळ बघायचे. मग आई नाक ओढून म्हणाली, आता फोन ठेव, भात करपतोय. आणि उद्या त्या मोजपट्टीपुढे मान ताठ ठेवून बस. फोन ठेवल्यावर ती दिवा लावायला उठली. हात दाराशेजारी, कपाटाच्या आडोशाला, बरोबर खटक्यावर पडला. तिनं पाहिलंही नव्हतं. चार दिवसांत शिकला होता.

शुक्रवारी मोजपट्टी बाई नऊच्या ठोक्याला आल्या. खुर्ची भिंतीला लावली, मांडीवर कागद, कागदावर रकाने: स्वतः, देखरेखीखाली, थोड्या मदतीनं, पूर्ण मदतीनं. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवलं. मावशी उगीचच तीच फरशी तिसऱ्यांदा पुसत होत्या. सलूनवाले खाटेच्या कडेला, पाय जमिनीवर टेकवून बसलेले. त्यांची बायको नेहमीप्रमाणे बाहेर जायला उठली, तर ती म्हणाली, काकू, तुम्ही थांबा. घरी तुम्ही असणार, मी नाही. मोजपट्टींची भुवई थोडी वर गेली. तिनं सदरा सलूनवाल्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, दुखरा हात आधी बाहीत घालायचा एवढीच आठवण करून दिली, आणि मग समोरच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसली. शेजारी काकूंना बसवलं. आणि काकूंचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले.

काकू आधी लाजल्या. वाटलं असेल, ताई धीर देतायत. मग बाही अडकली. काकूंचे हात ओंजळीत धरलेल्या पाखरासारखे उसळले, आणि तिनं ते धरून ठेवले. बाही सुटली. पहिलं बटण, गळ्यापाशी. सलूनवाल्यांनी डाव्या हातानं काज ताणून धरलं, उजव्या अंगठ्यानं बटण रेटलं. गेलं. दुसरं. गेलं, पण उशिरा, आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा एक थेंब आला, तोही त्यांनी खांद्याला पुसला. तिसरं. बटण भोकाच्या काठाशी येऊन परत फिरलं. आणि तिचा हात निघाला. तिला तो निघालेला कळला, खांद्यापासून, दंडातून, कोपरातून येताना कळला, आणि मनगटाशी येऊन अडला; कारण तिथे काकूंची बोटं होती. काकूंनी तिला धरलं होतं. केव्हा कुणी कुणाला धरलं ते आता सांगता आलं नसतं. दोघी एकमेकींचे हात आवळून बसल्या होत्या, नखं रुतेपर्यंत, आणि दोघी त्या एका पांढऱ्या बटणाकडे अशा पाहत होत्या की जणू नदीपार पोहत निघालेलं मूल. ओठांत गाणं आलं. तिनं ते येऊ दिलं नाही. नाही, येऊ दिलं, पण पुढे ढकललं नाही. तिसरं बटण खिशापाशी, खिशात, खिशात, खिशात... सलूनवाले थांबले. श्वास घेतला. हात खाली सोडला, झटकला, गालाशी वस्तरा न्यावा तसा परत आणला. आणि बटण पलीकडून डोकावलं. निजली गं.

चौथं. पाचवं. गाणं आता त्यांच्या चालीनं चाललं होतं, लंगडत, मधे बसत, पुन्हा उठत. सहाव्याला काकूंच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. सातव्याशी ते पोचले तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. त्यांचा डावा पंजा त्या बटणावर आला, पण आज झाकायला नाही, आज तो काज ताणत होता, आणि उजवा अंगठा, हिशेबातून काढून टाकायला निघालेला तो अंगठा, कामाला लागला होता. तिला एका खुर्चीत बसलेले बाबा दिसले. गुडघ्यांमध्ये कुणी उभं नव्हतं. जागा मोकळी होती, उजेड येत होता. घ्या, बाबा, ती मनात म्हणाली. सावकाश. शाळेला अजून वेळ आहे.

लागलं.

मग सलूनवाल्यांनी खाली पाहिलं, समोरच्या कपाटाच्या काचेत पाहिलं, चाळीस वर्षं दोन कल्ले सारखे करणाऱ्या नजरेनं पाहिलं, आणि सगळ्यांनीच तेव्हा पाहिलं की पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलं होतं आणि तिथून खाली सगळा सदरा एक पायरी चुकत आला होता. शेवटचं बटण काठाजवळच्या जादा काजात. कॉलर एका बाजूला उंच. काकूंचे हात तिच्या हातांत पुन्हा उसळले.

"तिरकं झालंय," सलूनवाले म्हणाले. "असू दे. माझं आहे."

आणि मग तो माणूस हसला, अर्ध्याच चेहऱ्यानं, पण त्या अर्ध्यात पूर्ण मावेल इतकं. मावशींनी फडकं बादलीत टाकून टाळी वाजवली, मग मोजपट्टींकडे पाहून दुसरी वाजवायची राहिली. काकू रडत होत्या आणि नवऱ्याला रागवत होत्या, की इतकं येत होतं तर महिनाभर माझ्याकडून घालून का घेतलंत. आणि सलूनवाले म्हणाले, तू विचारलंस कुठे. मोजपट्टी बाईंनी घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. एकोणीस मिनिटं, त्या म्हणाल्या. कागदावर त्यांनी 'स्वतः' ह्या रकान्यात एक खूण केली, बारीक, पण दाबून. मग पेन तसंच धरून क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, हा कागद मी तेवीस वर्षं भरतेय. नातेवाइकांचे हात धरून बसणं कुठल्या रकान्यात घालू? ती म्हणाली, शेऱ्यात लिहा. त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते तिला उलटं वाचता आलं नाही, पण एकच ओळ होती आणि तिच्याखाली त्यांची सही होती, टेपसारखी सरळ.

मग त्यांनी कागद फिरवून तिच्यासमोर धरला. खाली, उजवीकडे, तिच्या नावाची जागा. नावाखाली परवान्याचा क्रमांक. तिनं पेन घेतलं, आणि पेन बोटांतून निसटून कागदावर पडलं. बोटं बधिर झाली होती. काकूंनी एकोणीस मिनिटं आवळलेली, पांढरीफटक, मुंग्यांनी भरलेली. अंगठा तर्जनीशी भेटतच नव्हता. तिनं पुन्हा उचललं. पेन काठाशी आलं, परत फिरलं. आणि मोजपट्टी बाईंचा हात पुढे आला, न पाठवता, आपला आपण, तिचं पेन धरून द्यायला.

"राहू द्या," ती म्हणाली.

तो हात हवेत थांबला. मग सावकाश मागे गेला आणि कोटाच्या खिशात, पिवळ्या टेपेशेजारी, जाऊन बसला. सगळे पाहत होते. सलूनवाले तिरक्या कॉलरीतून, काकू ओल्या डोळ्यांनी, मावशी दाराला टेकून. ती एकेक अक्षर काढत राहिली. कुणाला घाई नव्हती.